सापडत नाही, म्हणजे शब्द चुकलाय

नाशिकच्या पंचवटी कारंजापासून दोन गल्ल्या आत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दिवसभर शोधयंत्राशीच झटापट. काउंटरच्या पलीकडून मोबाइल पुढे येतो आणि मागोमाग ठरलेलं वाक्य, "भाऊ, गुगलवर टाकलं, पण काहीच सापडत नाही." मी आधी त्यानं काय टाकलंय ते वाचतो. दुखणं बहुधा तिथेच असतं.

मागच्या पावसाळ्यात दिंडोरीकडचा एक पोरगा आला. वडील जाऊन महिना झालेला, दोन एकर त्यांच्या नावावर. त्यानं लिहिलं होतं, "वडील वारल्यावर जमीन माझ्या नावावर करायला काय करावं लागेल". समोर काय आलं होतं? चार व्हिडिओ, एका वकिलाची जाहिरात आणि उत्तर प्रदेशातल्या 'दाखिल-खारिज'ची माहिती देणारं एक हिंदी पान. मी ते सगळं पुसलं आणि तीनच शब्द टाकले: वारस नोंद फेरफार. आता महसुली कामाची मराठी पानं वर आली. त्यांतल्या एकावर कळलं की वारसांच्या नोंदवहीला गाव नमुना ६-क म्हणतात. मग तो शब्द घालून पुन्हा शोधलं, तर कागदपत्रांची यादी मिळाली आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १४९ सापडलं. वारसानं जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, तोंडी किंवा लेखी. पोराकडे अजून दोन महिने होते.

त्यानं प्रश्न नीटच विचारला होता. पण शोधयंत्राकडे असते ती पानांतल्या शब्दांची सूची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, फक्त अवाढव्य. ते तुमच्या शब्दांशी जुळणारी पानं काढतं आणि अर्थाचा थोडा अंदाज बांधतं. इंग्रजीत हा अंदाज बराच साधतो, मराठीत अजून अडखळतो. आणि 'वडील वारल्यावर' हे शब्द कोणत्याही महसुली पानावर नसतात. तिथे 'मयत खातेदार' असतं.

आधी ठरवा, उत्तर कुणी लिहिलं असेल

टाइप करण्याआधी पाच सेकंद थांबायचं. मला हवं ते उत्तर कुणी लिहून ठेवलं असेल? सरकारी कारकुनानं, कृषी शास्त्रज्ञानं, बातमीदारानं की माझ्यासारख्याच वैतागलेल्या माणसानं? ज्यानं लिहिलं असेल त्याची भाषा वापरायची.

सरकारी भाषा आणि बोलायची भाषा यांत तर नदीचे दोन काठ आहेत. आपण 'डोमिसाइल' म्हणतो, दाखल्यावर छापलेलं असतं 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र'. आपण रेशन कार्ड म्हणतो, ते शिधापत्रिका म्हणतात. नॉन-क्रिमीलेअरच्या शासन निर्णयात 'उन्नत व प्रगत' हे शब्द येतात. सातबारा हे खरं तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचं जोडनाव. हे शब्द कुणालाच जन्मतः येत नाहीत. म्हणून माझी रीत अशी की पहिला शोध उत्तरासाठी करायचाच नाही, शब्दासाठी करायचा. मनात येईल ते टाका, एखादं बरं पान उघडा, त्यात वारंवार येणारा जड शब्द हेरा आणि तो घेऊन दुसऱ्यांदा शोधा. दिंडोरीच्या पोराचं काम या दुसऱ्या फेरीतच झालं.

उलटंही तितकंच खरं. लोकांचा अनुभव हवा असेल तर पुस्तकी शब्द सोडून द्या. द्राक्षबागेवरच्या रोगाला पुस्तकात 'केवडा' म्हणतात, पण निफाडच्या बागेत उभा असलेला बागायतदार 'डाऊनी' म्हणतो आणि व्हिडिओच्या मथळ्यातही तेच घालतो. भुरीचं मात्र बागेतही आणि पुस्तकातही 'भुरी'च राहिलं.

शब्द काळानंही बदलतात. २०२४मध्ये तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. त्याच वर्षी शेजारचा अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर त्याच्या आधीच्या वर्षीचं. जुना कागद हवा तर जुनं नाव, ताजी भरती किंवा ताजा आदेश हवा तर नवं. खात्री नसेल तर दोन्ही, वेगवेगळ्या शोधांत.

वाक्य मोडा, शब्द ठेवा

"नाशिकमध्ये द्राक्षांवर येणाऱ्या रोगांची माहिती द्या" याऐवजी "द्राक्ष रोग नाशिक". 'माहिती द्या', 'सांगा', 'कृपया' हे माणसांना म्हणायचं. तीन ते सहा शब्द पुरतात. सगळ्यात महत्त्वाचा आधी लिहा.

मराठीत एक जास्तीची मेख आहे, ती म्हणजे विभक्ती. घोडा, घोड्याला, घोड्याचे; यंत्राच्या लेखी हे तीन वेगळे शब्द ठरू शकतात. म्हणून शक्यतो मूळ शब्द टाका, आणि काहीच येईना तर मग 'च्या', 'ला', 'वर' लावून बघा. 'द्राक्ष' आणि 'द्राक्षे' या दोन शोधांत मला वेगळी पानं मिळालेली आहेत.

मराठीची लिहिण्यातली गंमत, आणि डोकेदुखी

इथे जरा थांबतो, कारण इंग्रजीतून शिकवणारे ही गोष्ट कधीच सांगत नाहीत.

आपल्या गावाचंच बघा. मराठीत नाशिक, हिंदीत बहुधा नासिक. रोमन लिपीत आज एच घालून लिहितात, पण इंग्रजांच्या काळात आणि नंतरही कितीतरी वर्षं एच नव्हता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा खंड १८८३ सालचा, सोळावा. त्याच्या मुखपृष्ठावर बिनाएचचं नाव आहे. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, गोदाघाटाच्या इतिहासावर टिपणं काढतात. महिनाभर ते आजच्या स्पेलिंगनं जुने संदर्भ शोधत होते. एच काढला आणि इंटरनेट अर्काइव्हवरची स्कॅन केलेली पुस्तकं धडाधड आली. आणखी मागं जायचं तर 'गुलशनाबाद' टाकायचं, मुघली अमलातलं नाव ते.

महापालिका, महानगरपालिका, मनपा: एकच कचेरी, तीन शब्द. 'सिंहस्थ' टाकणारा आणि 'कुंभमेळा' टाकणारा यांना वेगळी पानं दिसतात. येत्या सिंहस्थाचं काही शोधायचं असेल तर वर्षही जोडा, नाहीतर २०१५चे वाहतूक मार्ग बघून गाडी काढाल.

ऱ्हस्व-दीर्घाकडे यंत्र बऱ्यापैकी कानाडोळा करतं, पण नेहमी नाही. 'ॲ' अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या प्रकारे उमटतं. 'शेतकऱ्यांसाठी' मधला 'ऱ्या'ही आतून दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना सारखाच, संगणकाला वेगळा. असा शब्द अवतरणचिन्हांत अडकवलात तर निम्मी पानं निसटू शकतात. अशा वेळी 'शेतकरी' लिहून सुटका करून घ्यायची. आकडे देवनागरीत टाकून जमलं नाही तर इंग्रजी आकडे टाकून बघा.

आणि हिंदीची घुसखोरी. लिपी एकच, 'योजना', 'पात्रता', 'सूचना' हे शब्दही सामाईक, त्यामुळे मराठी शोधात हिंदी पानं घुसतात. यावर उपाय सोपा आहे. हिंदीत नसलेला एक मराठी शब्द जोडून द्या. 'आणि', 'आहे', 'अर्ज कसा करावा', 'दाखला', 'लागवड', काहीही चालेल. "प्रधानमंत्री आवास योजना" एवढंच टाकलं तर देशभरातलं येतं. "प्रधानमंत्री आवास योजना आणि पात्रता अर्ज आहे" असं विचित्र वाक्य टाका. व्याकरणाला रडू येईल, पण पानं मराठी येतील.

चार चिन्हं, जी रोज कामाला येतात

'साइट', 'फाइलटाइप' असले शब्द मी इथे देवनागरीत लिहितोय, ते टाइप करताना मात्र रोमन अक्षरं आणि साधी चिन्हं वापरायची.

दुहेरी अवतरणचिन्हं. त्यांच्यात टाकलेले शब्द त्याच क्रमानं असलेली पानं शोधा, असा त्याचा अर्थ. एखाद्या पत्रातलं अर्धवट वाक्य आठवत असेल, कवितेची ओळ हवी असेल, किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'शासनाचा नवा आदेश' छापाच्या मजकुराची पाळंमुळं शोधायची असतील, तर त्यातले सलग सात-आठ शब्द अवतरणांत टाका. तोच मजकूर तीन वर्षांपूर्वीही फिरत होता हे बहुतेकदा तिथेच कळतं.

वजा. नको असलेल्या शब्दाला चिकटून, मध्ये जागा न सोडता. "द्राक्ष वाण" शोधताना वाइन विकणाऱ्यांची पानं येत असतील तर असं टाका: द्राक्ष वाण -वाइन. वजाच्या आधी मात्र जागा हवी.

साइट. एस, आय, टी, ई, मग कोलन, आणि लगेच पत्ता. माझ्या धंद्यात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. कोलननंतर नुसतं 'जीओव्ही डॉट इन' लिहिलं तरी फक्त सरकारी संकेतस्थळं उरतात. 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' लिहिलं की फक्त राज्य शासनाची. एखाद्या वर्तमानपत्रातली जुनी बातमी हवी असेल तर त्या वर्तमानपत्राचा पत्ता टाका. संकेतस्थळांची स्वतःची शोधखिडकी कित्येकदा अगदीच लंगडी असते, ही बाहेरून घातलेली कुऱ्हाड जास्त चालते.

फाइलटाइप. एफ, आय, एल, ई, टी, वाय, पी, ई, कोलन, पीडीएफ. अर्जाचे नमुने, परिपत्रकं, प्रश्नपत्रिका, विद्यापीठांच्या पुस्तिका हे सगळं पीडीएफमध्ये असतं. "द्राक्ष लागवड" आणि पुढे हे लावलं की विक्रेत्यांची पानं गळतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं किंवा पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं काही असेल तर ते वर यायची शक्यता वाढते. फवारणीचं प्रमाण तर अशा ठिकाणाहूनच घ्यावं. निर्यात करणाऱ्यांना 'लेबल क्लेम', म्हणजे औषध त्या पिकासाठी नोंदवलेलं असणं, हा शब्द माहीत असतोच. तो शोधात घातला की गप्पा आणि शिफारस वेगळ्या होतात.

एक पाचवंही आहे, 'ऑर'. दोन शब्दांच्या मध्ये, रोमन मोठ्या लिपीत ओ आणि आर. तलाठी ऑर "ग्राम महसूल अधिकारी", असं. मी क्वचित वापरतो.

तारीख बघितल्याशिवाय विश्वास नको

लासलगावला कांदा घालणाऱ्या एका तात्यांशी माझा वाद झाला होता. ते म्हणत, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आहे, मी स्वतः गुगलवर वाचलं. वाचलं होतं खरंच. फक्त कधीचं, ते बघितलं नव्हतं. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदीच आली. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य राहिलं. सप्टेंबर २०२४मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून तेही हटवलं. दीड-पावणेदोन वर्षांत पाच वेगवेगळी उत्तरं, आणि पाचही आजही इंटरनेटवर आहेत, प्रत्येक आपापल्या दिवशी खरं असलेलं.

म्हणून भाव, शुल्क, अंतिम मुदत, पात्रतेचं उत्पन्न, परीक्षेची तारीख असं काहीही असलं तरी काळाची चाळणी लावा. संगणकावर निकालांच्या वर 'टूल्स' असतं, त्यात 'गेल्या महिन्यात', 'गेल्या वर्षात' असे पर्याय मिळतात. टाइप करूनही जमतं: 'आफ्टर' लिहून कोलन आणि मग वर्ष-महिना-दिवस. जुनं हवं असेल तर 'बिफोर'. बातमीच्या शीर्षकाखालची तारीखही बघा. 'अपडेटेड' असं लिहून जुनाच मजकूर पुढे रेटणारी पानं मी रोज बघतो.

शासन निर्णय गाठायची युक्ती

बातमी म्हणते 'सरकारचा मोठा निर्णय', आणि मूळ कागद कुठेच नसतो. हल्लीच्या बहुतेक शासन निर्णयांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असतं: तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. म्हणजे 'संकेतांक' हा शब्द मूळ कागदावर असतो आणि बातमीत सहसा नसतो. विषयाचा शब्द, 'संकेतांक', आणि साइट कोलन महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. सापडायची शक्यता एकदम वाढते.

त्या लांबलचक आकड्याला घाबरू नका. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख: चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे. २०१६०६०७ने सुरुवात असेल तर ७ जून २०१६. कुणी व्हॉट्सॲपवर 'कालच निघालेला जीआर' पाठवला तर मी आधी हा आकडा वाचतो.

वरचं पहिलं ते बरोबर, असं नसतं

सगळ्यात वर 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असेल तर ती जाहिरात. त्याच्या आसपास हल्ली एआयनं तयार केलेला सारांश येतो. तो वाचायला हरकत नाही, पण त्यात दिलेल्या दुव्यावर जाऊन तेच वाक्य तिथे खरंच आहे का ते बघा. मराठी विषयांवर तो दुसऱ्या राज्याचे नियम बेधडक आपल्या गळ्यात मारताना मी पाहिलाय. सारांश, व्हिडिओ हे काहीच नको असेल तर फिल्टरच्या पट्टीत 'वेब' निवडा, जुन्यासारखे साधे दुवे दिसतात.

फोन नंबर मात्र शोधयंत्रातून घेऊच नका. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी अडकलेल्या पार्सलसाठी 'कस्टमर केअर नंबर' शोधला. वर आलेल्या नंबरावरचा माणूस फार गोड बोलला, एक ॲप टाकायला लावलं, स्क्रीन बघितली, आणि काकांच्या पेन्शनमधले हजारो रुपये गेले. नंबर घ्यायचा तो पासबुकाच्या, बिलाच्या, कार्डाच्या मागचा, किंवा कंपनीच्या ॲपमधला. गेलेच पैसे तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. काकांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला. उशीर झाला होता.

सातबाऱ्याच्या नावाखाली पैसे घेणारी सारखी दिसणारी संकेतस्थळंही आहेत. पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा: 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर तिथे आधार क्रमांक देऊ नका.

पान उघडलं, आता पानात शोधा

ऐंशी पानांची पीडीएफ उघडून लोक बोटानं सरकवत बसतात. संगणकावर कंट्रोल आणि एफ एकदम दाबा. मोबाइलवर ब्राउझरच्या तीन ठिपक्यांत 'पेजमध्ये शोधा' असतं. गावाचं नाव टाका, संपलं.

'काही सापडलं नाही' आलं तरी लगेच हार मानू नका. कागद स्कॅन केलेला असेल तर यंत्राला तो नुसता फोटो दिसतो. आणि जुने बरेच मराठी कागद श्री-लिपी, कृती देव, शिवाजी असल्या फाँटांत टाइप केलेले आहेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते. ओळखायचं कसं? एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. खिचडी उमटली तर तो कागद मराठी शब्दांनी शोधात येणारच नाही. अशा वेळी विभागाचं नाव, वर्ष आणि फाइलटाइप एवढ्यावर शोधून एकेक फाइल उघडायची. कंटाळवाणं काम आहे, मी अशा वेळी चहा मागवतो.

आणि काही गोष्टी शोधयंत्राच्या आवाक्यातच नसतात. तुमचा सातबारा गुगलवर सर्व्हे नंबर टाकून येणार नाही, कारण तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आणि कॅप्चाचं कोडं सोडवून मगच उघडतो. शोधयंत्र तुम्हाला दारापर्यंत नेतं, आत तुम्हीच शिरायचं. एखादं पान पूर्वी होतं आणि आता उघडत नसेल तर त्याचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. जुनी प्रत कधी कधी तिथे निघते. शहराच्या इतिहासाचं काही असेल आणि दोन दिवसांत हाती लागलं नाही, तर मी सरळ सार्वजनिक वाचनालयात पाठवतो. १८४० सालची संस्था आहे, तिथली कित्येक पानं कुठल्याच यंत्रानं वाचलेली नाहीत.

माझ्या खणात एक दोनशे पानी वही आहे. डावीकडे लोक म्हणतात तो शब्द, उजवीकडे ज्या शब्दानं काम झालं तो. डोमिसाइल, अधिवास. डाऊनी, केवडा. तलाठी, ग्राम महसूल अधिकारी. तुम्हीही मोबाइलच्या नोट्समध्ये अशी यादी ठेवा, महिनाभरात शोधायचा वेळ निम्मा होतो. गेल्या दिवाळीत त्र्यंबककडच्या एका आजींनी एका रानभाजीचं नाव सांगितलं, नातवाला तिचे गुण वाचायचे होते. चार प्रकारे लिहून पाहिलं, रोमनमध्ये पाहिलं, 'रानभाजी' जोडून पाहिलं. एकही पान नाही. फोटो असता तर गुगल लेन्सला दाखवला असता, पण भाजीचा हंगाम कधीच संपला होता. आषाढात जुडी घेऊन येते म्हणाल्यात. वहीत डावीकडे नाव लिहून ठेवलंय, उजवा रकाना कोरा आहे.